वाड्यात वसतिगृह: खाटा किती, हे वाड्याला विचारावे

पावसाळा तोंडावर आला की महापालिका जुन्या नाशकातील धोकादायक वाड्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६४ च्या नोटिसा बजावते आणि त्यानंतर माझ्यासारख्या संरचना अभियंत्यांचे फोन वाजू लागतात. पूर्वी वाडामालकांचे प्रश्न दोनच असत: वाडा अजून किती वर्षे टिकेल, आणि पाडून टाकायचा असेल तर दाखला मिळेल का. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे, आणि तो मला पहिल्या दोहोंपेक्षा अधिक आवडतो: वाड्यात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढता येईल का? हा प्रश्न उगाच आलेला नाही. सुरगाणा, पेठ, कळवणपासून धुळे-नंदुरबारपर्यंतची मुले-मुली शिक्षणासाठी नाशकात येतात, कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातील खोल्यांची भाडी त्यांना परवडत नाहीत, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम्’ योजनेतून जी रक्कम मिळते तिच्यात बसणारी जागा शोधताना त्यांची दमछाक होते. दुसरीकडे तिवंधा, दिल्ली दरवाजा, घनकर लेन, हुंडीवाला लेन या भागांत असे कित्येक वाडे आहेत की ज्यांच्या वरच्या मजल्यावर आता कबुतरांखेरीज कोणी राहत नाही.

या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असते, पण पाठोपाठ येणारा प्रश्न ऐकला की मी सावध होतो. तो प्रश्न असा: ‘किती पोरे बसतील?’ आणि विचारणाऱ्याने मनात आकडा आधीच धरलेला असतो. तिवंध्याजवळच्या एका दुमजली, दोन चौकांच्या वाड्याची पाहणी करायला गेलो असता घरातील ज्येष्ठ काकांनी मला क्षेत्रफळ भागिले चाळीस चौरस फूट असा हिशेब करून पन्नास खाटा दाखवल्या होत्या. हिशेबात चूक नव्हती. फक्त त्यात जिना नव्हता, संडास नव्हता, पाणी नव्हते आणि तुळया नव्हत्या. आमचा अंतिम आकडा चोवीसवर आला. तो कसा आला हे सांगितले की वाड्याचे वसतिगृह करण्यातील बहुतेक सगळे सांगून होते.

त्याआधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाड्याला विद्यार्थी नवे नाहीत. वेदाध्ययनासाठी नाशकात आलेली मुले वार लावून जेवत आणि कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकत. इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली तीही विश्रामबागवाड्यातच. वाड्याच्या रचनेत अनेक माणसांनी एकत्र राहूनही एकमेकांच्या पायात न येण्याची सोय मुळातच आहे: दिंडी दरवाजातून आत आल्यावर बाहेरच्याला थोपवणारी ढेलज, सर्वांना सामाईक असा चौक, चौकाभोवतीची ओसरी, आणि तिच्यामागे माजघर व खोल्या. आजचे वास्तुविशारद वसतिगृहांच्या नकाशात ‘सामाईक मोकळी जागा’ म्हणून जे आखतात, ते इथे अडीचशे वर्षे उभे आहे. म्हणून चौकावर पत्रे टाकून तेथे आणखी आठ खाटा लावण्याचा प्रस्ताव आला की मी तो पहिल्याच बैठकीत मोडीत काढतो. चौक झाकला की आतल्या खोल्यांचा उजेड जातो, वारा जातो, आणि धूर झाला तर तो बाहेर पडण्याची एकमेव वाटही जाते.

आता तुळयांकडे वळू. आपले वाडे म्हणजे घडीव काळ्या दगडाच्या जोत्यावर उभा केलेला सागवानी सांगाडा असतो. तळखड्यावर (दगडी बैठकीवर) खांब, खांबावर हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी बाहू), त्यावर तुळई, तुळईवर कड्या (आडवी बारीक लाकडे), कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. मधल्या भिंती बहुतेक भरावाच्या असतात. लोकांना भीती वाटते ती विद्यार्थ्यांच्या वजनाची, आणि ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. भारतीय मानकानुसार वसतिगृहाच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि जिने-व्हरांड्यांसाठी ३०० किलो भार धरावा लागतो. या वाड्यात वरच्या मजल्याची माती पंधरा सेंटिमीटर जाड होती, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलोचे ओझे नुसत्या जमिनीचेच होते. पिढ्यान्‌पिढ्या सारवणावर सारवण चढत गेले आणि पुढे कोणीतरी वरून शहाबादी फरशी बसवली, हा आणखी भार. माती काढून तिच्या जागी हलकी फळी, त्यावर आवाज शोषणारा थर आणि पुन्हा फळी असे केले, तर चोवीस मुले खाटा-टेबलांसह येऊनही मूळ भारापेक्षा एकूण भार कमी राहतो. हे ऐकून काकांचा चेहरा खुलला, आणि मला लगेच पुढचे वाक्य बोलावे लागले.

तुळई मध्यावर मोडत नाही. ती टोकाशी कुजते. भिंतीत घुसलेले तिचे टोक डोळ्यांना दिसत नाही, आणि त्या भिंतीपलीकडे जर कोणे एके काळी न्हाणी असेल तर पाणी मुरत मुरत नेमके तिथेच पोहोचते. या वाड्यात मागच्या चौकाकडील एका तुळईला फिकट हिरवा ऑइलपेंट दिला होता, वरून ती अगदी निकोप दिसत होती, हातोडीने ठोकल्यावर मधोमध खणखणीत वाजत होती. भिंतीलगतचे गिलाव्याचे कवच उचकटून टोच्या लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला ओला तपकिरी भुसा चिकटलेला होता. अशी तुळई सगळीच बदलावी लागते असे नाही. तिला खालून टेकू देऊन कुजलेला भाग कापायचा, जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, आणि दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या देऊन आरपार बोल्ट आवळायचे. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड जुन्या लाकडाच्या वखारींत मिळते, आणि ते आजच्या लागवडीच्या सागापेक्षा बहुधा सरस असते. त्याचा उगम आठवला की थोडे अपराधी वाटते खरे, पण लाकूड चुलीत जाण्यापेक्षा दुसऱ्या वाड्यात गेलेले बरे.

या टोच्याच्या प्रसंगावरून पुढचा नियम आपोआप ठरतो: वाड्याच्या मूळ लाकडी सांगाड्यात नव्याने एकही ओली जागा करायची नाही. वसतिगृह म्हटले की प्रत्येक खोलीला जोडून संडास-बाथरूम हवे असा आग्रह धरला जातो, कारण जाहिरातीत तसे लिहिले की भाडे वाढते. लाकडी मजल्यावर बाथरूम करायचे म्हणजे त्याखालच्या कड्यांना आजन्म ओलाव्याची शिक्षा देणे होय. जलरोधक रसायने आठ-दहा वर्षे टिकतात, आणि गळती सुरू झाल्याचे कळते ते खालच्या छतावर डाग उमटल्यावर, म्हणजे फार उशिरा. आम्ही मागच्या परसात, वाड्याच्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, स्वतःच्या पायावर उभा राहणारा दुमजली सेवाकक्ष आखला. संडास, न्हाणीघरे, कपडे धुण्याची जागा, पाण्याची टाकी आणि सगळे उभे नळ त्यातच. वाड्याच्या वरच्या ओसरीतून तिकडे जायला छोटा पूल. उद्या हा सेवाकक्ष नकोसा झाला तर काढून टाकता येईल आणि वाड्याला ओरखडाही उमटणार नाही.

त्या परसात दोन्ही मजल्यांवर मिळून तीनच शौचकूप आणि तीन न्हाण्या व्यवस्थित बसल्या. आठ जणांमागे एक शौचकूप हे प्रमाण मी सोडत नाही, कारण सकाळी साडेसात ते साडेआठ या तासात सर्वांना एकाच वेळी कॉलेजला निघायचे असते. तीन गुणिले आठ, चोवीस. आकडा असा आला. त्याला पाण्याच्या हिशेबाचाही दुजोरा मिळाला: वसतिगृहासाठी माणशी रोज १३५ लिटर धरले तर चोवीस जणांना सव्वातीन हजार लिटर लागतात, आणि सव्वातीन हजार लिटर म्हणजे सव्वातीन टन वजन. ते कौलांच्या छपराशेजारी प्लास्टिकच्या काळ्या टाक्यांत ठेवलेले मी काही वाड्यांत पाहिले आहे. त्यांच्याखाली झोपणाऱ्यांना ते माहीत नसते, एवढेच.

आगीचा विचार मात्र आकड्यांपुरता थांबत नाही. ज्या विश्रामबागवाड्याचा उल्लेख वर केला, त्याला १८७९ मध्ये आग लागून मोठे नुकसान झाले आणि त्याच सुमारास पुण्याचा बुधवारवाडा जळून गेला. लाकडी वाडे जळतात, ही गोष्ट गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. तरीही लाकडाची बाजू पूर्ण कमकुवत नाही. सागवानासारखे घट्ट लाकूड जळताना पृष्ठभागावर कोळसा धरते आणि अर्ध्या तासात साधारण पंधरा मिलिमीटर आत जळते. म्हणून फूटभर जाडीची तुळई अर्ध्या तासानंतरही भार पेलू शकते. धोका असतो तो पातळ फळ्यांना, जिन्याला आणि धुराला. वाड्याचा जिना भिंतीच्या पोटात, एका माणसापुरता, उंच पायऱ्यांचा आणि वर झडप असलेला. दरोडेखोरांना अडवण्यासाठी केलेली ती सोय आगीच्या वेळी आतल्याच माणसांना अडवते. त्यामुळे परसाच्या बाजूला लोखंडी दुसरा जिना ही अट होती, आणि झडप कायमची काढून टाकणे ही दुसरी.

दिंडी दरवाजाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण नकाशात तो ‘मुख्य प्रवेश’ म्हणून दिसतो आणि तपासणारा समाधानाने पुढे जातो. प्रत्यक्षात रात्री मोठा दरवाजा अडसर लावून बंद असतो, आणि उघडी असते ती त्यातली दिंडी, जिच्यातून वाकून आणि उंबरा ओलांडून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. अडसर म्हणजे भिंतीतल्या खोबणीतून सरकणारा मांडीएवढा सागाचा ओंडका. पावसाळ्यात फुगला की तो दोघांनी ओढल्याशिवाय हलत नाही. तो दाखवायला ठेवावा, वापरू नये. दरवाजाला आतून एका धक्क्याने उघडणारी कडी बसवावी आणि रात्रपाळीचा माणूस ढेलजेतच झोपावा. अग्निशामक दलाचा मोठा बंब या बोळांत शिरत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटे वाड्याने स्वतःच्या बळावर काढायची आहेत, असे धरून धूरसूचक यंत्रे, होजरील, आणीबाणीचे दिवे आणि लोखंडी नळीतून नेलेली नवी वायरिंग यांचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढावा. खोलीत इंडक्शन शेगडी आणि पाणी तापवायची कांडी यांना बंदी असावी, आणि ती पाळली जावी यासाठी चौकाकाठी एक सामाईक, पक्क्या फरशीचे, चोवीस तास उघडे स्वयंपाकघर असावे. मध्यरात्री चहा करायची रास्त जागा नसेल तर मुले खोलीत करणारच.

सिमेंटबद्दल माझे मत परिचितांना पाठ आहे. जुन्या विटा आणि चुना ओल घेतात व सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा मारला की आत शिरलेली ओल कोंडते, क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि तीन-चार पावसाळ्यांत गिलावा विटांचे तोंड घेऊनच गळून पडतो. मग ठेकेदार म्हणतो की वाडाच जुना झाला. चुन्याचे काम संथ असते, चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, हे जाणणारे गवंडी कमी उरले आहेत, आणि तो खर्च सुरुवातीला जास्त दिसतो. तरीही प्लास्टिक पेंट लावलेल्या चकचकीत भिंतीपेक्षा चुन्याची सफेदी दर दोन वर्षांनी देणे वसतिगृहाला स्वस्त पडते, कारण मुले भिंतींवर काय काय लिहितात हे सर्वांना ठाऊक आहे.

खोल्यांची आखणी करताना आम्ही एक उलटा निर्णय घेतला. माजघराच्या बाजूला अंधार आणि गारवा असतो, चौकाच्या बाजूला उजेड. म्हणून खाटा आत आणि अभ्यासाची टेबले ओसरीत, खांबांच्या ओळीत, प्रत्येक खणात दोन. भिंतींतील कोनाडे आणि फडताळे जशीच्या तशी ठेवून त्यांनाच पुस्तकांची कपाटे केली. दोन फूट जाडीच्या भिंतींतून वायफाय पलीकडे जात नाही, त्यामुळे प्रत्येक बाजूला केबल ओढून वेगळे राउटर धरावे लागले; ‘आधुनिक’ म्हणून जे काही करायचे होते त्यातील हा सर्वांत सोपा भाग. ज्यांना घोकंपट्टीच्या आवाजाचा त्रास होतो त्यांना नाशकात आणखी आधार आहेतच. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून सुरू आहे, आणि गावठाणातून तिथे पायी जाता येते. दुचाकी ठेवायला वाड्यात जागा नाही, हे प्रवेश देतानाच स्पष्ट सांगावे. सिटीलिंकची बस आहे आणि मुलांना पाय आहेत.

गोदेच्या पुराचे भान मात्र नकाशाच्या आधी ठेवावे. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत नदीकाठच्या बाजारपेठेने काय सोसले ते सराफ बाजार आणि भांडी बाजारातील दुकानदारांना विचारावे. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले यावर आजही काठावरचे लोक आपला माल उचलायचा की नाही हे ठरवतात. पूररेषेच्या आत येणाऱ्या वाड्यात तळमजल्यावर एकही खाट नसावी, विजेचे मीटर छातीपेक्षा वर असावेत, आणि तळमजला जेवणघर, अभ्यासिका, सायकली यांसाठीच वापरावा. तिवंधा उंचावर आहे, म्हणून आमचे हे काम सोपे झाले. पण त्याच उंचीच्या एका कडेला काझीची गढी दर पावसाळ्यात ढासळते आहे, तेव्हा उंचीच्या भरवशावरही बेफिकीर राहून चालत नाही.

कागदोपत्री बाजूची गुंतागुंत मी थोडक्यात सांगतो, कारण ती प्रत्येक वाड्यागणिक वेगळी असते आणि वकिलाशिवाय सुटत नाही. मालमत्ता पत्रकावर सहहिस्सेदारांची लांबलचक यादी, त्यातले निम्मे पुण्यात किंवा परदेशी, आणि तळमजल्यावर भाडे नियंत्रण अधिनियमाचे संरक्षण असलेला नाममात्र भाड्याचा जुना भाडेकरू. त्याला त्रास देऊन घालवण्यापेक्षा त्याचे दुकान तसेच ठेवून वरचा मजला वसतिगृहाला द्यावा, असे मी सुचवतो. स्टेशनरीचे किंवा शिवणकामाचे दुकान खाली असणे मुलांच्या सोयीचेच आहे. वापरबदलाची परवानगी आणि अग्निशमन विभागाचा दाखला घेतल्याशिवाय एकही खाट लावू नये. विद्यार्थ्यांशी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाला तेच अपेक्षित आहे, आणि ‘ओळखीतली मुले आहेत’ हे नोंदणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणखी एक अट मी घातली, आणि ती अभियंत्याच्या अखत्यारीतली नाही असे मला तोंडावर सांगण्यात आले. याच शहरात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला. त्याआधी दहा वर्षे, १९२० मध्ये, शाहू महाराजांनी नाशकात उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला बसवली, कारण बहुजन समाजातील मुलांना शिक्षणासाठी शहरात राहायला जागाच मिळत नव्हती. ज्या वाड्यांत या मुलांच्या आज्या-पणज्यांना ढेलजेच्या पुढे प्रवेश नव्हता, त्या वाड्यांत आज सुरगाण्याची मुलगी भाडे भरून राहायला येणार असेल, तर तिला आडनाव आणि जेवण विचारणारी पाटी दारावर असता कामा नये. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की स्वयंपाकघराबाबत घरातल्या बायकांशी बोलावे लागेल. बोलणे झाले, अट करारात आली.

सध्या वाडामालकांसमोर मोह आहे तो २०२७ च्या सिंहस्थाचा. पर्वणीच्या दिवसांत गावठाणातील खोलीला वाटेल ते भाडे मिळेल, म्हणून घाईघाईने वाड्याचे लॉज करण्याकडे कल आहे. मला तो सौदा तोट्याचा वाटतो. एका रात्रीसाठी आलेला पाहुणा गळणाऱ्या कौलाबद्दल काही सांगत नाही, तो फक्त पुन्हा येत नाही. जून ते एप्रिल राहणारा विद्यार्थी मात्र पहिल्याच सरीनंतर तक्रार घेऊन दारात उभा राहतो, आणि लाकडी इमारतीला अशी तक्रार करणारी माणसेच वाचवतात. शिवाय पर्वणीच्या गर्दीत प्रत्येक खोलीत आठ-दहा माणसे झोपवली जातात, आणि तेव्हा तुळयांचा व जिन्याचा सगळा हिशेब कोलमडतो.

वसतिगृहाच्या बाजूने असलेला सर्वांत व्यावहारिक मुद्दा वेळापत्रकाचा आहे. कौलारू छपराची शाकारणी दरवर्षी व्हावी लागते: कौले उतरवून चाळायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का पाहायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या. हे काम मे महिन्यातच होते, आणि परीक्षा आटोपून मुले गावी गेलेली असतात तीही मे महिन्यातच. भरलेल्या लॉजमध्ये किंवा नांदत्या घरात जे जमत नाही ते इथे विनासायास जमते. म्हणून काकांच्या कुटुंबाशी झालेल्या करारात वर्षातले अकराच महिने भाड्याचे धरले आहेत, प्रत्येक खाटेच्या भाड्यातील ठरावीक हिस्सा शाकारणी आणि वाळवीच्या औषधासाठी वेगळ्या खात्यात जातो, आणि मेअखेर छपराच्या तपासणीचा सही केलेला कागद आल्याशिवाय नव्या वर्षाचे प्रवेश उघडत नाहीत. सहहिस्सेदारांपैकी एकाने हे खाते कोणाच्या नावावर असावे यावर हरकत घेतली आहे. ती मिटली की सेवाकक्षाच्या पायाचे खोदकाम सुरू होईल.